टाइमशेअर: कंपनीकडून नवं घ्यावं की सोसायटीतल्या काकांचं जुनं?

अबोलीचा गजरा (धागाकर्ती)
दोन आठवड्यांपूर्वी ठाण्यातल्या एका मॉलमध्ये नवऱ्याने कुपन भरलं. तीन दिवसांत फोन आला, "अभिनंदन! फक्त दोघांनी जोडीने यायचं आणि भेटवस्तू घेऊन जायची." गेलो. टाइमशेअर विकायचा कार्यक्रम होता, म्हणजे एकदा पैसे भरून पुढची काही वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचं सभासदत्व. दीड तासाचा म्हणून सांगितलेला, साडेतीन तास चालला, धाकटा टेबलाखाली झोपून गेला. शेवटी कागदावर आकडा आला ५ लाख ४० हजार, जीएसटी धरून. २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री, एक बेडरूमचं अपार्टमेंट, मे आणि दिवाळी चालणारा सीझन. वार्षिक शुल्क वेगळं, २० हजार अधिक १८ टक्के जीएसटी. आजच सही केली तर ४० हजार कमी. "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटलो. (घरी कोणाला विचारणार? घर आम्हीच.)

लिफ्टमध्ये बी-विंगच्या काकांना हे सांगितलं, तर त्यांच्याकडे त्याच क्लबचं, त्याच सीझनचं सभासदत्व निघालं. १४ वर्षं बाकी. मुलगा कॅनडात, काकांचे गुडघे गेलेत. म्हणाले, १ लाख ४० हजार द्या आणि घ्या. कंपनीचं हस्तांतर शुल्क २५ हजार आम्ही भरायचं.

नवरा म्हणतो नवंच घेऊ, सेकंडहँड गाडीने काय दिवे लावले ते आठव. मला काकांचं घ्यावंसं वाटतंय. "काहीच घेऊ नका" असं सांगणारे येतीलच, त्यांचंही ऐकेन, पण कारण द्या.

पिठलंभाकरी
काकांचं घ्या. गाडी झिजते, सभासदत्व कसं झिजेल? खोली तीच, पोहण्याचा तलाव तोच, सकाळचा उपमा तोच. मी सहा वर्षांपूर्वी असंच एका ओळखीच्यांकडून घेतलं. गोवा, कूर्ग, मुन्नार झालं. रिसेप्शनवर आजवर कोणी विचारलं नाही की तुम्ही पहिले मालक की दुसरे.

नवंकोरं
रिसेप्शनवर विचारत नाहीत, बुकिंगच्या वेळी कळतं! माझं थेट कंपनीकडून घेतलेलं आहे, आठ वर्षं झाली, आणि मी मूर्ख आहे असं मला वाटत नाही. परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करण्याची सोय, न वापरता पुढे साठवलेले दिवस, सुरुवातीला घासाघीस करून मिळवलेली दोन वर्षांची शुल्कमाफी, यातलं काय काय दुसऱ्या मालकाकडे जातं ते कंपनीचे नियम ठरवतात, काका नाही. शिवाय कंपनी हप्ते पाडून देते. काकांच्या हातात तुम्हाला जवळजवळ दीड लाख रोख ठेवावे लागतील.

आणि ताई, तुमचा धाकटा केवढा आहे? चार-पाच वर्षांचा असेल तर चौदा वर्षांनी तो कॉलेजात जाईल आणि सभासदत्व संपेल. माझं माझ्या नातवंडांपर्यंत पुरेल.

पिठलंभाकरी
@नवंकोरं, कॉलेजातला मुलगा आईबापाबरोबर महाबळेश्वरला येतो? तुमच्याकडे येत असेल तर अभिनंदन. माझ्या मते १४ वर्षं हाच फायदा आहे. २५ वर्षांनी आपले गुडघे काकांसारखे झालेले असतील आणि वार्षिक शुल्क तरीही भरावं लागेल.

ताळेबंद
भावना बाजूला ठेवून गणित करू.

नवं: २५ गुणिले ७ म्हणजे १७५ रात्री. ५ लाख ४० हजाराला भागलं की रात्रीला साधारण ३,०८५ रुपये. काकांचं: ९८ रात्री, १ लाख ६५ हजार, म्हणजे १,६८५ च्या आसपास. दोन्हीत वार्षिक शुल्काचे २३,६०० भागिले ७, म्हणजे ३,३७० मिळवा. नवं ६,४५५, जुनं ५,०५५. रात्रीमागे १,४०० चा फरक, लोकांना वाटतो तेवढा प्रचंड नाही. कारण मोठा खर्च वार्षिक शुल्काचा आहे आणि तो दोघांना सारखाच.

हे झालं सगळ्या सात रात्री वापरल्या तर. नोकरी करणारं जोडपं, मुलांच्या परीक्षा, एखाद्या वर्षी घरातलं लग्न. सरासरी चारच रात्री झाल्या तर नवं रात्रीला ११,३०० वर जातं आणि जुनं ८,८५० च्या जवळ. त्यात शुल्क वाढत जाणार. वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं तरी १२ वर्षांत दुप्पट. ५ लाख ४० हजारांवरचं व्याज मी धरलेलंच नाही; ७ टक्क्यांनी ते वर्षाला ३७,८०० होतं, कर वेगळा.

नव्या सभासदत्वाची किंमत दाराबाहेर पडताच का कोसळते, याचं उत्तर जुन्या हिशेबपद्धतीत सापडतं. क्लब महिंद्रा चालवणाऱ्या महिंद्रा हॉलिडेजच्या ताळेबंदात पूर्वी सभासद फीचा ६० टक्के भाग प्रवेश शुल्क म्हणून लगेच उत्पन्नात धरला जायचा, उरलेला ४० टक्के सभासदत्वाच्या वर्षांवर पसरायचा. २०१८ मध्ये इंड एएस ११५ हे हिशेबाचं नवं मानक आलं आणि सगळीच रक्कम पसरावी लागली. यात गैर काही नव्हतं. पण ‘प्रवेश’ आणि ‘हक्क’ अशी ती विभागणी बघितली की कळतं, फीचा मोठा हिस्सा दारातून आत येण्याचा असतो. पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला तुमच्याकडे फक्त हक्क उरतो. काका ज्या भावाने विकतायत तो पडलेला भाव नाही, खरा भाव आहे.

नवंकोरं
गणित मान्य, पण तुलना अर्धवट. एक बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये हॉल असतो, छोटं स्वयंपाकघर असतं, आईबाबांना घेऊन आम्ही सहाजण राहतो. ख्रिसमसच्या आठवड्यात गोव्यात हॉटेलच्या दोन खोल्यांचा दर काढा आणि मग साडेसहा हजार महाग म्हणा. मी दरवर्षी सातच्या सात रात्री वापरतो. वापरत नाहीत त्यांनी घेऊ नये, एवढंच.

दुपारचीझोप
ताईंनी बोलावलंय तर येतो. काहीच घेऊ नका. आता हॉटेलच्या ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय, सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ होता. सभासदत्वाच्या शुल्कावर तुम्ही १८ भरणार. त्या पैशांत यंदा तारकर्ली, पुढच्या वर्षी घरीच झोप. सुट्टीत झोपण्यासाठी २५ वर्षांचा करार कशाला?

दुसरं. "नको झालं तर कंपनी परत घेईल" असं कोणी तोंडी सांगितलं तर तिथूनच उठा. पॅनकार्ड क्लब्ज नावाच्या कंपनीने हॉटेलच्या रात्री विकल्या आणि न वापरल्या तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असं गाजर दाखवलं. सेबीने २०१६ मध्ये ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून ७,०३५ कोटी परत करायला सांगितले. ५१ लाखांहून जास्त लोक अडकले होते, त्यात आपल्या महाराष्ट्रातले निवृत्त शिक्षक नि एसटी कंडक्टर किती होते ते गावोगाव विचारा.

ताळेबंद
@दुपारचीझोप, उदाहरण महत्त्वाचं, पण इथे थोडं आडवं आहे. ती परताव्याचं आमिष दाखवणारी गुंतवणूक होती. ताईंच्या क्लबात परतावा कोणी कबूल केलेला नाही, फक्त राहण्याचा हक्क आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका. मात्र तोंडी शब्दाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर.

माजीटेबलवाला
मी चार वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसायचो. नाव विचारू नका. "आजच" ही सवलत उद्याही असते, महिनाअखेरीला जास्त असते. नवऱ्याला आणि बायकोला एकत्र बोलावतात ते "घरी विचारतो" ही वाट बंद करायला. तुम्ही तरी सुटलात, शाब्बास. थेट घेणारच असाल तर किमतीवर भांडू नका, ती थोडीच हलते. शुल्कमाफी, जादा रात्री, वरचा सीझन मागा, आणि जे कबूल होईल ते करारात लिहून घ्या. करारात रद्द करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते सहीच्या आधी वाचा. आमच्याकडे दहा दिवस होते आणि आम्ही अकराव्या दिवशी स्वागताचा फोन करायचो.

हिरवाचाफा
पिठलंभाकरींना जुनं लाभलं, मला नाही. नाव घेत नाही, पण एका क्लबचं सभासदत्व मी ९० हजारांना घेतलं, पैसे आधी दिले आणि मग हस्तांतराला गेले. तेव्हा कळलं की विकणाऱ्याने तीन वर्षं शुल्क भरलेलं नव्हतं. ते भरल्याशिवाय नाव बदलणार नाही. विकणारे गृहस्थ फोन उचलेनात. भरलं. मग कळलं की सीझन बिगरहंगामी आहे, म्हणजे जुलैच्या पावसात लोणावळा मिळेल, मे महिन्यात कुठेच नाही. माझी अक्कल कमी पडली हे कबूल. पण कंपनीकडून घेतलं असतं तर निदान ग्राहक आयोगात जायला समोर कोणीतरी असतं.

पिठलंभाकरी
@हिरवाचाफा, वाईट झालं. तुमच्या गोष्टीनंतर माझं वाक्य सुधारतो: काकांचं घ्या, पण पैसे हस्तांतराच्या दिवशी, त्याआधी एक रुपया नाही. काकांच्या ईमेलवरून कंपनीला विचारा: थकबाकी किती, सीझन कोणता, मुदत कुठल्या तारखेला संपते, साठवलेले दिवस येतात का, अदलाबदल येते का. उत्तर लेखी. माझ्या वेळी अदलाबदल आली नव्हती, हे पहिल्या प्रतिसादात सांगायला हवं होतं. (@नवंकोरं, हसू नका.)

नवंकोरं
हसत नाही. पण नोंद करून ठेवली.

ओरलँडोकर
इथे अमेरिकेत हा वाद फार जुना. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचं उदाहरण घ्या, तिथे रात्रींऐवजी पॉइंट विकतात. तिथे हक्काची रीतसर नोंदणी होते, त्यामुळे जुन्याचा मोठा बाजार आहे आणि बऱ्याच जुन्या रिसॉर्टचे पॉइंट थेट भावापेक्षा खूप स्वस्त मिळतात. मग डिस्नेने काय केलं? १९ जानेवारी २०१९ पासून जुन्या बाजारातून घेणाऱ्याला रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये ते पॉइंट वापरता येत नाहीत. सौदा ठरला तरी त्याच भावाने तो स्वतः उचलण्याचा पहिला अधिकार डिस्नेचा. म्हणजे नियम नंतरही बदलू शकतात, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं. मी जुनं घेतलं. आम्हाला तेच एक रिसॉर्ट आवडतं, नव्यात जायचंच नव्हतं.

काकांनाही एक निरोप द्या. "तुमचं सभासदत्व विकून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा" असा फोन आला तर ठेवून द्यायचा. मेक्सिकोतली एक अमली पदार्थांची टोळी अमेरिकन म्हाताऱ्यांना याच युक्तीने लुटत होती. २०२३ मध्ये इथल्या वित्त खात्याने तिच्याशी संबंधित लोकांवर आणि कंपन्यांवर निर्बंध घातले.

माजीटेबलवाला
भारतातही असे फोन येतात. सभासदांच्या याद्या फिरतात. कशा, ते विचारू नका.

हिरवाचाफा
विचारतेच. कशा?

माजीटेबलवाला
कंपनी सोडणाऱ्याच्या मोबाइलमध्ये.

अबोलीचा गजरा
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी पिठलंभाकरींचे प्रश्न कागदावर लिहून काकांकडे गेलो. काकांनी आमच्यासमोरच ईमेल केला. थकबाकी एका वर्षाची आहे, काकांना स्वतःलाच माहीत नव्हतं, गेल्या वर्षी कार्ड बदललं त्यात राहून गेलं असणार. साठवलेल्या ११ रात्री आहेत. बाकीची उत्तरं यायचीयत. ताळेबंदांचा ११,३०० चा आकडा नवऱ्याने तीनदा वाचला आणि नव्याचं नाव काढणं बंद केलं. आम्ही गेल्या पाच वर्षांत किती रात्री बाहेर राहिलो ते मोजलं. लग्नकार्यं सोडून चौदा. म्हणजे वर्षाला तीनसुद्धा नाहीत.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय विकताय? मला कोणी विचारलं?" त्यांचे गुडघे शाबूत आहेत. मेमध्ये बहिणींना घेऊन गोव्याला जायचा त्यांचा बेत होता, काकांना पत्ताच नाही. सौदा तिथेच थांबला. निघताना काकू म्हणाल्या की डिसेंबरात त्यांच्याच चार रात्री पाहुणे म्हणून वापरून बघा, पाहुण्यांचे काही पैसे पडले तर तुम्ही भरा. क्लबला तारखा विचारल्यात. ख्रिसमसचा आठवडा आत्ताच भरलाय म्हणाले, पहिल्या आठवड्यातलं मिळतंय. तेव्हा शाळेच्या चाचण्या आहेत.