टायटेनियमवर हिऱ्याचा लेप: थंड होताना पोपडे का सुटतात?

(एका मंचावरची चर्चा; निर्वात, कार्बाइड, सूक्ष्मदर्शी, हायड्राइड ही सभासदांची टोपणनावं.)

प्रश्न (निर्वात): टीआय-६एएल-४व्ही ईएलआय या इम्प्लांटसाठीच्या टायटेनियम मिश्रधातूच्या २० मिमी चकत्या, हॉट फिलामेंट सीव्हीडी (तापलेल्या तारेजवळ वायूतून थर बसवण्याची पद्धत). चकतीचं तापमान ८००° से., मिथेन १ टक्का, बाकी हायड्रोजन. ८ तासांत सुमारे ५ मायक्रॉन थर बसतो आणि गरम असताना अखंड दिसतो. थंड करताना मात्र कडेपासून पोपडे सुटतात. टिकलेल्या भागावर रामन शिखर (लेझर प्रकाशाने केलेल्या तपासणीतली हिऱ्याची रेघ) १३४४ सेमी⁻¹ ला येतं. सीडिंग, म्हणजे आधी पेरलेली हिऱ्याची बारीक बीजं, वाढवावं का?

कार्बाइड: आधी १३४४ कडे बघा. ताण नसलेल्या हिऱ्याचं शिखर १३३२ ला असतं. सरकलेल्या दर सेमी⁻¹ ला ०.५७ गिगापास्कल दाब धरला, तर थर जवळपास ७ गिगापास्कल दाबाखाली आहे. थंड होताना हा मिश्रधातू हिऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आकसतो, त्यामुळे दाब येणारच. तापमान ६००–६५० वर आणा. वाढ मंदावेल, ते चालेल. जाडी २ मायक्रॉनच्या आत ठेवा, कारण थर जितका जाड तितकी त्याला उचकटणारी ऊर्जा जास्त. चकतीची धारही गोल करा, सुरुवात तिथूनच होते.

सूक्ष्मदर्शी: सीडिंगचं उत्तर पोपड्याच्या पाठीवर मिळेल. उलटा करून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) धरा. पाठीवर खड्डेच खड्डे दिसले तर बीजं विरळ पडली होती आणि थर मोजक्या ठिकाणीच टेकला होता. ५ नॅनोमीटर हिऱ्याची पूड इथेनॉलमध्ये घालून ३० मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, स्वच्छ इथेनॉलने एकदा विसळा, नायट्रोजनने सुकवा. पुसायचं नाही. पाठ सपाट असेल तर सीडिंगच्या मागे लागू नका.

हायड्राइड: पोपडे निदान दिसतात. धातूत शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन दिसत नाही, आणि इम्प्लांटसाठी मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. या मिश्रधातूच्या इम्प्लांट-मानकात, एएसटीएम एफ १३६ मध्ये, हायड्रोजनची मर्यादा ०.०१२ टक्के आहे. टायटेनियम जसजसं थंड होतं तसतशी त्याची हायड्रोजनची ओढ वाढते, म्हणून शेवटी हायड्रोजन चालू ठेवून थंड करणं सर्वांत वाईट. फिलामेंट बंद करायच्या आधी वायू तोडा, निर्वातात थंड करा. प्रत्येक फेरीत एक जादा चकती ठेवून तिच्यातला हायड्रोजन मोजा. मर्यादा ओलांडली असेल तर ७०० अंशांच्या आसपास निर्वातात तापवून तो काढता येतो, पण लेपाखालून त्याला वाट नसते. मागची बाजू उघडी हवी.

निर्वात: थंड करताना हायड्रोजन चालूच होता. पुढच्या फेरीत ६२० अंश, ३ तास, निर्वातात थंड.

कार्बाइड: मग थर किती घट्ट चिकटलाय ते बघायला रॉकवेल सी ठसा (टोकदार हिरा दाबून उमटवलेला) घ्या, १५० किलोवर. ठशाभोवती नुसत्या भेगा चालतील. कडेने थर सुटला तर ती चकती बाद.