आय-८६४ मधलं डोमिसाइल: सांगलीत बसून अमेरिकेचा रहिवास कसा दाखवायचा?

कृष्णाकाठ
मार्च २०२५

नमस्कार मंडळी. केस जरा विचित्र आहे, म्हणून पाल्हाळ लावतोय. सांभाळून घ्या.

माझा जन्म १९८७ चा, न्यू जर्सीतल्या न्यू ब्रुन्सविकचा. बाबा तेव्हा रटगर्समध्ये संशोधन करत होते. मी चार वर्षांचा असताना सगळे सांगलीला परत आले ते कायमचेच. म्हणजे कागदावर अमेरिकन, बाकी सगळा गावभागातला. शाळा इथली, डिप्लोमा इथला, कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) प्रोग्रामिंग करून पंधरा वर्षं झाली. निळा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. मतदानाच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांत बोटाला शाई नसलेला मी एकटा.

लग्नाला नऊ वर्षं झाली. बायको भारतीय, मुलगी सहा वर्षांची, तीही भारतीयच. मला वाटायचं बापामुळं ती आपोआप अमेरिकन असेल. पण त्यासाठी तिच्या जन्माआधी मी किमान पाच वर्षं तिथं राहिलेलो पाहिजे होतो, आणि त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. माझी एकूण चारच, तीही रांगण्यात आणि रडण्यात गेली.

२०१९ च्या पुरात आमच्या जिन्याच्या सात पायऱ्या पाण्याखाली होत्या. २०२१ ला परत तेच. तेव्हा गाळ उपसता उपसता बायकोच म्हणाली, "तुझा तो निळा पासपोर्ट नुसता कपाटात ठेवायला आहे का?" मग २०२३ च्या दिवाळीत दोघींसाठी दोन वेगळे आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचे अर्ज) भरले आणि दोन्ही मंजूरही झाले.

घोडं अडलंय ते पुढचे कागद तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरमध्ये (एनव्हीसी). आय-८६४ या आर्थिक हमीपत्रात 'डोमिसाइलचा देश' असा रकाना आहे. मी इमानदारीत 'इंडिया' लिहिलं. कागद परत आले: प्रायोजकाचं, म्हणजे माझं, अमेरिकेतलं डोमिसाइल सिद्ध करा.

आता आपल्याकडं डोमिसाइल म्हटलं की सेतू केंद्र, तहसीलदाराचा शिक्का आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला. माझ्याकडं तो आहे हो, डिप्लोमाच्या प्रवेशाला काढलेला! पण जिथं राहतच नाही, तिथं राहतो याचा दाखला देणार कोण?

मामा न्यू जर्सीत एडिसनला असतात. उत्पन्नासाठी ते जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे माझ्या जोडीनं हमी देणारे, व्हायला तयार आहेत. त्यांच्यामुळं डोमिसाइलचाही प्रश्न सुटेल का? का मला नोकरी सोडून आधी एकट्याला जावं लागेल? आणि एक कबुली: अमेरिकेत टॅक्स रिटर्न आजवर एकदाही भरलेलं नाही. भरायचं असतं हेच माहीत नव्हतं.

---

परतीचा_पाऊस

एवढं काय त्यात! मामांचाच पत्ता टाका, 'इथंच राहतो' म्हणा आणि फॉर्म परत चढवा. कोण बघायला जातंय.

---

मिशिगनची माई

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. पासपोर्टवर किती शिक्के आहेत ते त्यांना एका क्लिकवर दिसतं. सही करता त्या फॉर्मवर खोटं बोलल्यास शिक्षा होईल असं स्पष्ट छापलेलं असतं, आणि खोट्या कागदावर व्हिसा मागितल्याचा ठपका बायकोवर बसला तर तो आयुष्यभर पुरतो. मामांचा पत्ता पत्रव्यवहारासाठी खुशाल द्या. प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता मात्र सांगलीचाच लिहायचा.

आता मूळ मुद्दा. मामा कितीही कमवत असोत, ते फक्त पैशाची बाजू सांभाळतात. अर्जदार नवरा म्हणून तुमचं हमीपत्र द्यावंच लागतं आणि डोमिसाइलची अट तुम्हाला स्वतःलाच पुरी करावी लागते. तुमची ती अट पुरी झाली नाही तर मामांचं हमीपत्र हिशेबातच धरत नाहीत. बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो.

या अटीला दोन दारं आहेत. पहिल्या दारातून मी गेले. २०१० ला नागरिक झाले, आई अंथरुणाला खिळली म्हणून २०१६ ला पुण्याला आले, इथेच लग्न झालं, २०२३ ला नवऱ्याचा व्हिसा झाला. सात वर्षं पुण्यात राहूनही माझं म्हणणं होतं की मी इथे तात्पुरती आहे, माझं बिऱ्हाड तिकडेच. ते पटलं, कारण मागे कागद होते: चालू बँक खातं, निवृत्तीचं खातं, दरवर्षीचं टॅक्स रिटर्न, टपालानं मागवलेली मतपत्रिका, आईच्या उपचारांची फाइल.

तुमच्यासाठी ते दार बंद आहे. तुमच्याकडे तिथला भूतकाळच नाही, मग भविष्यकाळाचे कागद जमवायचे. नियम असा आहे: बायको कायमची म्हणून अमेरिकेत पाऊल ठेवेल त्या दिवसापर्यंत तुमचंही बिऱ्हाड तिथे झालेलं पाहिजे. तुम्ही तिच्याआधी जा किंवा एकाच विमानातून उतरा, दोन्ही चालतं. ती पुढे आणि तुम्ही 'बघू, दिवाळीनंतर येतो' हे चालत नाही. म्हणजे 'आज मी तिथे राहतो' हे दाखवायचंच नाहीये. 'अमुक महिन्यात तिथे राहायला जाणार, त्यासाठी ही ही पावलं उचलली' हे दाखवायचं आहे.

तुमच्या जागी मी असते तर आधी एक पानभर पत्र लिहिलं असतं. साधं, तारखांसकट. पुरात घराचं काय झालं, का निघतोय, कुठे उतरणार, मुलीची शाळा, कामाचं काय. वकिली इंग्रजीची गरज नाही, माझं पत्र मीच लिहिलं होतं. पण नुसत्या पत्राला कोणी विचारत नाही, त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद हवा. मामांकडे राहणार असाल तर त्यांच्याशी रीतसर भाडेकरार करा, सोबत त्यांच्या घराचा टॅक्स नाहीतर विजेचं बिल. मुलीच्या शाळेसाठी तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टला ईमेल करा, उत्तर आलं की छापून घ्या. नोकरीचे अर्ज आणि त्यांची उत्तरं, नकारसुद्धा. हो, नकारसुद्धा! तुम्ही प्रयत्न करताय हे त्यातूनच दिसतं. व्हीएमसी प्रोग्रामरला तिथे काम नाही असं होणार नाही. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात छोटे मशीन शॉप भरपूर आहेत, फक्त ते व्हिडिओ कॉलवर माणूस घेत नाहीत, समोर या म्हणतात.

फॉर्म नव्यानं भरा. डोमिसाइलच्या रकान्यात 'युनायटेड स्टेट्स' लिहा आणि 'सोबतचं पत्र पाहा' असा उल्लेख करा.

---

बीकेसीचा_वारकरी

माईंशी सहमत, थोडी भर घालतो. मीही जन्मानं तिकडचा, वाढलो नाशिकला. माझ्या बायकोची मुलाखत मुंबईत बीकेसीला झाली.

'आधी एकटे जाऊन राहा' असं खूप जण सांगतात. मी गेलो नाही. आई-वडील म्हातारे, पोरगं दीड वर्षाचं, नोकरी सोडून तीन महिने तिकडं कोण बसणार? फक्त अडीच आठवडे जाऊन आलो. पण त्यात बँक खातं उघडलं, मोबाइल नंबर घेतला, दोन मुलाखती दिल्या. इथून खातं उघडायला गेलो की पत्ता आणि ओळखपत्र यावर गाडं अडतं, समोर गेलो तर तासाभरात काम झालं. नंतर इथल्या बचतीतून थोडे थोडे पैसे तिकडं पाठवले. आता एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत पाठवले तर बँक टीसीएस (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापत नाही. सामान पाठवणाऱ्यांचं कोटेशनही जोडलं होतं. मिक्सर, शिवणयंत्र आणि पितळी समई धरून सव्वा लाखाचं! अखेर काहीच नेलं नाही. समई तेवढी आईनं बॅगेत कोंबली.

मुलाखतीत बाईंनी बायकोला एवढंच विचारलं, "नवरा तुमच्याबरोबर निघणार की मागून येणार?" बरोबर, म्हणाली. पुढं एक शब्द नाही. मी मात्र बाहेर रस्त्यावर दोन तास उन्हात फाइल छातीशी धरून उभा.

---

हिशेबनीस

टॅक्सचं बोलतो, कारण तुमच्या केसमध्ये खरा खोडा तोच आहे. हमीपत्राला ताज्या वर्षाचं अमेरिकन रिटर्न जोडावंच लागतं, आणि नागरिक जगाच्या पाठीवर कुठंही असो, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रिटर्न भरायचंच असतं. घाबरू नका. अजाणतेपणी राहून गेलेल्यांसाठी आयआरएसची (तिकडचं आयकर खातं) 'स्ट्रीमलाइन्ड' नावाची सोय आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्न भरायची, सहा वर्षांचं एफबार भरायचं, आणि हे मुद्दाम केलेलं नाही असं लिहून द्यायचं. परदेशात राहणाऱ्यांना त्यात दंड लागत नाही. एफबार म्हणजे अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांतली शिल्लक मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असेल तर द्यायची माहिती. कुपवाडच्या पगारावर बहुधा प्रत्यक्ष कर शून्यच निघेल. मात्र सोशल सिक्युरिटी नंबर हवा. तो आहे का?

आणखी एक. घरात तुम्ही तिघं, म्हणून अमेरिकन सरकारच्या २०२५ च्या दारिद्र्यरेषेच्या तक्त्याप्रमाणं वर्षाला ३३,३१२ डॉलर उत्पन्न दाखवावं लागेल. इथला पगार त्यात धरत नाहीत, कारण तिकडं गेल्यावर तो बंद होणार. त्यामुळं मामा लागणारच. नाहीतर तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवा. पण पुरात दोनदा बुडालेल्या घराची किंमत कोण धरणार आणि ते वर्षात विकणार कसं, हे तुम्हीच ठरवा.

---

मिशिगनची माई

मुलीचं राहिलं. ती अठराच्या आतली आहे. कायमच्या व्हिसावर तुमच्याकडे राहायला आली की आल्याबरोबर कायद्यानं नागरिक होते, म्हणून तिच्यासाठी वेगळी हमी लागत नाही. माणसांच्या मोजणीत मात्र ती धरायची. आणि एनव्हीसीकडे फार गप्प बसू नका. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद करण्याची नोटीस येऊ शकते.

---

कृष्णाकाठ
सप्टेंबर २०२५

मंडळी, उशिरानं लिहितोय, माफ करा.

सोशल सिक्युरिटीचं कार्ड आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलं. बाबांनी १९८८ मध्येच काढून ठेवलं होतं. माझ्या जावळाच्या पुडीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ट्रंक माळ्यावर होती म्हणून दोन्ही पुरांतून वाचली. हिशेबनीस, तीन वर्षांची रिटर्न आणि सहा एफबार गेली, कर शून्य निघाला.

जूनमध्ये तीन आठवडे एडिसनला जाऊन आलो. चार वर्षांचा असताना सोडलेल्या देशात अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा उतरलो, तर इमिग्रेशनचा अधिकारी म्हणाला, "वेलकम होम." मला काय उत्तर द्यावं तेच सुचेना. खातं उघडलं. तीन मशीन शॉपमध्ये जाऊन आलो. एकानं तिथल्या तिथं मशीनवर बसवून प्रोग्राम लिहून घेतला आणि 'राहायला आलात की या' असं ईमेलवर लिहून दिलं. शाळेकडून उत्तर आलं की पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाचा तक्ता घेऊन या. तेही छापून जोडलं.

पत्र दीड पानाचं झालं. पुराच्या पंचनाम्याची प्रत इंग्रजी भाषांतरासह जोडली. डोमिसाइलच्या रकान्यात या वेळी 'युनायटेड स्टेट्स' लिहिलं. सांगलीचा तो पंधरा वर्षांचा दाखला जोडायचा मोह आवरला.

परवा रात्री अडीचला ईमेल आली, कागद पूर्ण धरलेत. आता मुंबईच्या तारखेची वाट बघतोय. मेडिकलआधी मुलीच्या कुठल्या लसी तपासून ठेवाव्यात, कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि भाडेकराराचं एक सांगायचं राहिलं. मामांनी आधी 'एक डॉलर लिही' म्हटलं होतं. खरं वाटावं म्हणून मी महिना ५०० लिहिले, त्यांनीही वाचून सही केली. आता रोज फोनवर विचारतात, पहिल्या महिन्याचे आगाऊ देणार ना?