सॉमर्टनच्या किनाऱ्यावरचा माणूस: नाव मिळालं, पण मेला कशाने?

चौकस_चिंतू:
१ डिसेंबर १९४८ च्या सकाळी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळ सॉमर्टन पार्कच्या किनाऱ्यावर, बांधाला डोकं टेकलेल्या अवस्थेत एक मृतदेह सापडला. पाकीट नाही, कपड्यांची लेबलं काढलेली. पुढे पँटच्या चोरखिशात ‘तमाम शुद’ (फारसीत ‘संपलं’) छापलेला कपटा मिळाला. तो उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी पुस्तकातून फाडलेला होता, आणि त्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला अगम्य अक्षरांच्या ओळी. जुलै २०२२ मध्ये प्राध्यापक डेरेक अ‍ॅबट आणि वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी हा मेलबर्नचा कार्ल वेब, जन्म १९०५, असं जाहीर केलं. तरी ‘हेर होता, विष घातलं’ हे पालुपद चालूच आहे. विषाला आधार नेमका काय? केसातल्या डीएनएवरून नाव कसं ठरतं? आणि त्या ओळी सुटल्या का?

नाडीपरीक्षा:
विषाचं आधी. शवविच्छेदन डॉ. ड्वायर यांनी केलं. प्लीहा नेहमीच्या सुमारे तिप्पट, यकृतात आणि जठरात रक्त साकळलेलं, जठरातल्या अन्नात रक्त मिसळलेलं, हृदय दिसायला ठीक. रासायनिक तपासणीत त्या काळी ओळखता येणारं एकही विष मिळालं नाही. म्हणजे ‘विष’ हा निष्कर्ष सापडण्यातून आलेला नाही, दुसरं काही न सापडण्यातून आला आहे.

मग औषधशास्त्राचे प्रा. स्टँटन हिक्स यांनी मृत्यूच्या चौकशीत दोन नावं सुचवली: डिजिटालिस आणि ओआबाइन. ती त्यांनी उघड न उच्चारता कागदावर लिहून दिली, कारण औषधाच्या दुकानात ती सहज मिळत. दोन्ही हृदयावर काम करणाऱ्या ग्लायकोसाइड गटातली. (आपल्याकडच्या कण्हेरीतलं विष याच जातकुळीचं.) यांची मात्रा इतकी थोडी असते की १९४८ च्या पद्धतींना ती रक्तात दिसणं अशक्य होतं, रक्तातलं डिजॉक्सिन (डिजिटालिसच्याच गटातलं औषध) मोजणाऱ्या चाचण्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस आल्या.

लोक इथे घसरतात. ‘न सापडणारं विष’ म्हटलं की तपासणी कोरी आली तरी विष, आणि कोरी आली म्हणूनच विष. असा तर्क कधी खोटा ठरूच शकत नाही, म्हणून तो कुचकामी. त्याऐवजी विचारायचं ते असं: हे विष असेल तर आणखी काय दिसायला हवं? उलटी. मृतदेहावर किंवा आसपास तिचा मागमूस नव्हता आणि हिक्स स्वतः याच गोष्टीवर अडले होते. दुसरं, प्लीहा. ती एका संध्याकाळी तिप्पट होत नाही. जुना संसर्ग, यकृताचा विकार, रक्ताचा आजार असं आधीपासूनचं काहीतरी होतं. विष खरं असलं तरी प्लीहेचा खुलासा वेगळाच द्यावा लागतो. ‘विष घातलं’ म्हणणारे हा भाग गाळतात.

वंशवेल:
डीएनएबद्दल. १९४९ मध्ये दफनाआधी चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यात केस अडकून राहिले. मृतदेह टिकावा म्हणून त्यात त्याआधीच, डिसेंबर ४८ मध्ये, फॉर्मॅलिन हे रसायन भरून झालेलं. फॉर्मॅलिन डीएनएचे तुकडे करतं. केसाच्या कांडीत मुळात तुकडेच मिळतात, म्हणून गुन्हे तपासातली नेहमीची डीएनए चाचणी इथे चालत नाही; तिला लांब सलग तुकडे लागतात. त्याऐवजी एकेका अक्षराचे फरक, असे सुमारे २० लाख, वाचून जेडमॅच या वंशावळीच्या साठ्यात टाकले.

तिथे माणूस सापडत नाही, नातेवाईक सापडतात. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सुमारे १२.५ टक्के डीएनए सामाईक, त्यापुढच्या पिढीतल्या भावंडांत ३ टक्क्यांच्या आसपास, मग एका टक्क्याहून कमी. जितकं नातं लांब, तितकं झाड मोठं. इथे ते सुमारे ४,००० नावांचं झालं. मग गाळणी: वय जुळतं का, मृत्यूची नोंद आहे का. वेबची नव्हती. आणि पडताळा असा की जुळणारे नातेवाईक वडिलांकडचे आणि आईकडचे, दोन्ही बाजूंचे हवेत. एकच बाजू जुळली तर तो चुलत भाऊही असू शकतो.

कच्चा दुवा: केस साच्यातला, मधल्या काळात साचा अनेकांच्या हातून गेलेला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी मे २०२१ मध्ये वेस्ट टेरेस दफनभूमीतून देह उकरला. खरी तुलना त्या हाडांशीच.

गुणाकार_जपून:
वरच्या दोघांनी न सांगितलेली गोष्ट कानाची. मृताच्या कानाचा वरचा खळगा खालच्यापेक्षा मोठा होता (१ ते २ टक्के लोकांत) आणि वरचे बाजूचे दोन पटाशीचे दात जन्मतः नव्हते (सुमारे २ टक्के). पुस्तकावर जिचा फोन नंबर होता त्या नर्सच्या मुलात हेच दिसलं, म्हणून तो मृताचाच मुलगा, आणि योगायोगाची शक्यता एक ते दोन कोटींत एक, असा आकडा फिरला. आता हिशोब करा. मृताला त्या खुणा होत्याच, ते गृहीत. प्रश्न फक्त मुलाचा: गुणाकार अडीच ते पाच हजारांत एक येतो. तेव्हाच्या अ‍ॅडलेडची वस्ती चार लाखांच्या आत, म्हणजे तिथेच असे पाऊणशे ते दीडशे लोक. शिवाय दोन्ही खुणा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे कुणी तपासलं? पुढे डीएनएने हे नातं निकालात काढलं.

लेबलांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात कपड्यांचं रेशनिंग १९४८ पर्यंत होतं, जुने कपडे हातोहात फिरत. स्टेशनवर सापडलेल्या, त्याचीच मानलेल्या बॅगेतल्या टायवर ‘टी. कीन’ होतं, आणि वेबच्या मेहुण्याचं नाव थॉमस कीन. हेराच्या गोष्टीचा सगळ्यात जाडजूड खांब असा मेहुण्याच्या टायने पाडला.

ओळी: एक खोडलेली धरून अक्षरं पन्नास, न धरता ४४. त्यात पहिलं अक्षर डब्ल्यू की एम यावरही वाद. खोडलेली ओळ ‘एम एल आय ए ओ आय’, आणि पुढे ‘एम एल आय ए बी ओ ए आय ए क्यू सी’. म्हणजे लिहिताना चुकून मधलं अक्षर सुटलं, खोडून पुन्हा लिहिलं. अक्षरांचं प्रमाण इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांशी बरंचसं जुळतं. पण आद्याक्षरं असतील तर ती उलगडत नाहीत. ४४ आद्याक्षरांत हवी ती वाक्यं बसवता येतात. म्हणून दर वर्षी एक ‘उकल’ येते.

अवांतर: खय्यामच्या रुबाया माधव जूलियन यांनी मराठीत आणल्या आहेत, हे धाग्यावर कुणी काढलंच नाही.

चौकस_चिंतू:
म्हणजे मृत्यू नैसर्गिक म्हणायचा?

नाडीपरीक्षा:
नाही, तेही सिद्ध नाही. प्लीहा आजार दाखवते, त्या रात्रीचं कारण नाही. नाव कळल्याने एकच वाट उघडली: जिवंतपणीच्या नोंदी. दवाखान्याचा एखादा कागद, औषधाची चिठ्ठी, मृत्यूआधी तो कुठे राहिला. हाडांतून आता ग्लायकोसाइड मिळेल याची आशा नको. आणि उद्या कुणी ‘प्रयोगशाळेने विष शोधलं’ अशी बातमी टाकली, तर आधी एवढंच विचारा: नमुना कोणता, केस की हाड, आणि तो १९४८ पासून होता कुणाकडे?