विजेच्या स्कूटरची बॅटरी रोज पूर्ण चार्ज करावी का?

प्रश्न (वैदर्भीय):
माझ्या स्कूटरची लिथियम-आयन बॅटरी काढून घरात आणता येते. रोजचे जाणे-येणे सुमारे २० किलोमीटर असल्याने एका चार्जवर तीन दिवस सहज निघतात, तरीही मी रोज घरी येताच ती चार्जिंगला लावतो आणि सकाळपर्यंत तशीच ठेवतो. सासरे म्हणतात, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये. नागपूरचा मे महिना लक्षात घेता नेमके काय करावे?

उत्तर (जुना दुरुस्तीवाला):
सासऱ्यांचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे; लिथियम-आयनला पूर्ण उतरणे मानवत नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचा सेल, म्हणजे बॅटरीतील एक सुटा घटक, साधारणपणे ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, आणि त्या व्होल्टेजला आतील इलेक्ट्रोलाइटचा (आयन वाहून नेणाऱ्या द्रावाचा) ऱ्हास वेगाने होतो, उष्णतेत तर अधिकच. त्यामुळे बॅटरी किती वेळा चार्ज केली याबरोबरच ती भरलेल्या अवस्थेत किती तास तापत राहिली, यावरही तिचे आयुष्य ठरते. चार्जिंग ४.१ व्होल्टला थांबवल्यास दहा टक्क्यांच्या आसपास क्षमता सोडावी लागते, पण बॅटरी बरीच जास्त टिकते. आपल्याला ८० टक्के पुष्कळ आहेत. उन्हातून आल्यावर बॅटरी आधी निवू द्यावी आणि चार्जिंग पहाटे संपेल असा टायमर लावावा.

उत्तर (सर्किटप्रेमी):
वरील सल्ला एनएमसीपुरता योग्य आहे, परंतु बॅटरी कोणत्या रसायनाची आहे हे कोणी विचारलेच नाही. लेबलवर ५०.४ किंवा ५१.८ व्होल्ट असेल तर ती १४ सेलांची एनएमसी असावी, ५१.२ असेल तर १६ सेलांची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट).

वैदर्भीय:
लेबलवर ५१.२ व्होल्ट आहे.

सर्किटप्रेमी:
मग थोडा फरक पडतो. एलएफपी सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहते, त्यामुळे केवळ व्होल्टेजवरून किती चार्ज उरला आहे हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) नीट कळत नाही, आणि सेलांमधील असमतोल (काही जास्त भरलेले, काही कमी) दूर करण्याचे कामही बहुधा चार्ज पूर्ण होत आला असतानाच होते. म्हणून एरवी ८० टक्क्यांवर थांबावे, पण आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करून लगेच वापरात आणावी. शेजाऱ्याचा चार्जर मात्र आणू नये: एलएफपीचा ५८.४ व्होल्टचा आणि एनएमसीचा ५८.८ व्होल्टचा, दोन्ही दिसायला सारखे, पिनही कित्येकदा सारखी. फरक लहान दिसला तरी तो प्रत्येक चार्जला सेलांना सोसावा लागतो.

जुना दुरुस्तीवाला:
मान्य, रसायन आधी विचारायला हवे होते. तापमानाबद्दलचे मत मात्र कायम आहे, कारण एलएफपी उष्णता तुलनेने बरी सोसत असली तरी तीही तापून लवकर म्हातारी होते. महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरून, स्कूटरपासून वेगळी करून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी. पत्र्याच्या शेडमध्ये नको.