आटे १४च, पण जात वेगळी

पाण्याच्या पाइपचा अर्धा इंची जोड तीन-चार आटे सहज फिरला, मग अडकला आणि टेफ्लॉन टेप दुप्पट गुंडाळूनही थेंब थांबेना, अशी तक्रार एकाने केली आहे. टेपला दोष देऊ नका. एक बाजू बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश मानक) आणि दुसरी एनपीटी (अमेरिकन मानक) असावी.

अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४च असतात, म्हणून सुरुवातीला ते फसवतात. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. शिवाय अर्ध्या इंचात बाहेरचा व्यास बीएसपीचा २०.९५ आणि एनपीटीचा २१.३४ मिमी. (‘अर्धा इंच’ हे माप त्यात कुठेच सापडत नाही, ती वेगळीच गंमत!) एक इंची जोडात मात्र इंचाला ११ विरुद्ध साडेअकरा आटे, तिथे लगेच कळतं.

पान्याने जोर लावू नका, पितळ तडकतं. दोन टोकांना दोन जातींचे आटे असलेला अडॅप्टर मिळतो, तोच लावा. आणि आटे निमुळते नसून सरळ असतील, तर पाणी बहुतेक वेळा वॉशर अडवतो. तिथे टेप कितीही गुंडाळली तरी व्यर्थ. आधी वॉशर काढून बघा, चपटा झालेला असतो.