शब्दचर्चा : 'रेपरेशन्स' म्हणजे नुकसानभरपाई की देणे?

विचारणा : अमेरिकेतल्या गुलामगिरीवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि 'रेपरेशन्स' (ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना किंवा त्यांच्या वंशजांना त्याबद्दल जे द्यायचे ते) या शब्दापाशी दोन दिवस अडले आहे. 'नुकसानभरपाई' लिहिले की गारपिटीनंतरचा पंचनामाच डोळ्यांपुढे येतो. हर्जाना, भरपाई, परिमार्जन यांतले काय घ्यावे? आणि 'गुलामांचे वंशज' म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, पंचनाम्याची अडचण खरीच आहे. गारपिटीला गुन्हेगार नसतो. तलाठी येतो, हेक्टरी दर ठरलेला असतो आणि हातात पडते ती मदत असते. गुलामगिरीत मात्र घेणारा होता आणि त्याच्या वहीत माणसांच्या किमती मांडलेल्या होत्या.

तरी 'नुकसानभरपाई' अगदी टाकू नका, तिची एक जागा आहे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी संपवायचे ठरवले आणि २ कोटी पौंड मंजूर केले. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ती रक्कम होती. ती मिळाली मालकांना, 'मालमत्ता' गेली म्हणून. राबलेल्यांना छदामही नाही. उलट १८३८ पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे बिनपगारी 'उमेदवारी' (शिकाऊ म्हणून काम) करावी लागली. मालकांच्या पैशाला 'नुकसानभरपाई' म्हणा, कारण कायद्याच्या लेखी नुकसान त्यांचेच झाले होते. एकाच लेखात दोघांनाही तोच शब्द वापरलात तर हा सगळा अन्याय वाचकाच्या नजरेतून निसटेल.

कॅरिबियनमधल्या हैतीची, फ्रान्सच्या जुन्या वसाहतीची, गोष्ट आली तर तिथे 'खंडणी' लिहा. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले, आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ते ९ कोटींवर आणले, पण त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या रकमेला 'युद्धखंडणी' म्हणतात. हैतीने तर स्वतःच्याच सुटकेची खंडणी भरली.

आता तुमचा मुख्य शब्द. तो ठरवण्याआधी जॉर्डन अँडरसन यांचे पत्र पाहा. टेनेसीत गुलाम म्हणून राबलेले अँडरसन मुक्तीनंतर ओहायोतल्या डेटनला कुटुंबासह राहत होते. १८६५ मध्ये जुन्या मालकाने त्यांना पुन्हा कामावर बोलावले. अँडरसन यांनी उत्तर लिहवून घेतले आणि त्यात हिशेब मांडला : माझी ३२ वर्षांची चाकरी महिना २५ डॉलरने, बायको मँडीची २० वर्षांची आठवड्याला २ डॉलरने, एकूण ११,६८० डॉलर. यावर व्याज धरा, आणि कपड्यांचा खर्च, माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला ते पैसे व मँडीचा एक दात काढला त्याचे पैसे वजा करा. हा आकडा मी स्वतः कागदावर मांडून पाहिला, ९,६०० अधिक २,०८०, पैचाही फरक नाही. हे वाचून कुणी 'मदत' किंवा 'अनुदान' म्हणू शकेल? ही थकलेली मजुरी आहे, आणि मराठीत तिला सरळ 'देणे' म्हणतात.

'परिमार्जन' मला पटत नाही. त्यात पुसला जातो तो करणाऱ्याचा डाग, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो वाक्यातूनच गायब होतो. 'हर्जाना' कोर्टातल्या एकट्यादुकट्या दाव्याला ठीक आहे. हेन्रिएटा वूड यांना मुक्त झाल्यावर पळवून पुन्हा विकले होते. त्यांनी दावा लावला आणि १८७८ मध्ये २,५०० डॉलर मिळवले, तो हर्जाना. 'भरपाई' मात्र मोलाचा शब्द आहे. त्यात 'भरणे'ही आहे आणि 'पावणे'ही. 'भरून पावलो' हे घेणाऱ्यानेच म्हणायचे असते, देणाऱ्याने नव्हे.

दुसरा प्रश्न : 'गुलाम केलेल्या लोकांचे वंशज' लिहा. दोन शब्द वाढतील, पण कुणीतरी त्यांना गुलाम केले हे दिसेल. बाकी 'गुलामगिरी' शब्दाला या इतिहासाची ओळख मराठीत जुनीच आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये याच नावाचे आपले पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते.

विचारणा : पण 'देणे' म्हटले की वाचक विचारेल, आजच्या माणसाने पणजोबांचे देणे का फेडावे? शिवाय कॅरिबियन देशांनी गुलामगिरीबद्दल युरोपीय देशांपुढे २०१४ मध्ये मांडलेल्या दहा मागण्यांत पहिली मागणी माफीची आहे. तिला 'देणे' कसे म्हणू?

उत्तर : पहिल्याचे उत्तर ब्रिटनच्याच वहीत आहे. मालकांना ते २ कोटी देण्यासाठी सरकारने मोठे कर्ज काढले होते, आणि त्याचा शेवटचा भाग फिटला २०१५ मध्ये. म्हणजे कॅरिबियनमधून येऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, गुलाम केलेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या करातूनही मालकांचे पैसे फिटले. मालकांचे देणे सुमारे १८० वर्षे पिढ्यान्‌पिढ्या चालू शकले, तर राबणाऱ्यांचेच एका पिढीत कसे बुडते? देणे त्या सरकारचे आहे, आणि सरकार तेच आहे.

माफीचे म्हणाल तर 'आपण समाजाचे देणे लागतो' असे आपण सहज म्हणतो. तिथे कुठे रक्कम असते? 'देणे लागणे' या क्रियापदात पैसा मावतो आणि माफीही मावते. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये १९८९ पासून पुन्हा पुन्हा मांडले जाणारे विधेयक तर नुसता अभ्यास-आयोग मागते. देणे किती ते आधी मोजू तरी द्या, एवढेच त्यात आहे. त्याचा क्रमांक ४० आहे, १८६५ मध्ये मुक्त झालेल्यांना देऊ केलेल्या आणि त्याच वर्षी परत काढून घेतलेल्या ४० एकरांची आठवण म्हणून. तिथे तुम्ही 'थकलेले देणे' लिहा.