ब्रेक पाइप बदलल्यापासून पेडल मऊच, तीनदा एअर काढून झाली

चाकपंक्चर

नमस्कार मंडळी, डोकं आउट व्हायची वेळ आलीये. गाडी जुनी आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. मागे जाणारे दोन्ही लांब लोखंडी पाइप गंजून पापुद्रे निघायला लागले होते म्हणून कॉपर-निकलचा ४.७५ एमएमचा पाइप आणून घरीच वाकवून, टोकं फुलवून (फ्लेअर मारून) बसवले. काम सुबक झालंय असं माझं मत. पण पेडल! पहिल्यांदा दाबलं की अर्ध्याच्या खाली जातं, मग लागोपाठ दोन पंप मारले की वर येतं आणि बऱ्यापैकी कडक लागतं, दहा सेकंद थांबून परत दाबलं की पुन्हा तेच. इंजिन चालू केलं की अजूनच खाली.

लिकेज कुठेच नाही, प्रत्येक जॉइंटला टिश्यू गुंडाळून ठेवला होता, कोरडा ठणठणीत. तीनदा एअर (पाइपमधली हवा) काढली, जवळपास लिटरभर ब्रेक ऑइल गेलं, आता चाकाजवळच्या निपलमधून बुडबुडा येत नाही. काम चालू असताना ऑइलची डबी तळाला गेली होती पण पूर्ण रिकामी नाही झाली बहुतेक. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की पाइपात ऑइल ढकलणारा) गेला असेल का? नवीन टाकू का?

बोनेटवर

मास्टर सिलिंडरच. जुन्या गाडीत एअर काढताना पेडल पार फळीपर्यंत दाबलं की आतले सील त्या भागात जातात जिथे ते वर्षानुवर्षं गेलेलेच नसतात, तिथे गंज आणि कचरा असतो, सील फाटतं. माझ्या गाडीत सेम झालं होतं. म्हणून एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा असतो. बदलून टाका, विषय संपला.

तेलकटहात

थांबा थांबा, लगेच बदलायला नका सांगू त्यांना. ठोकळ्याचं बरोबर आहे पण सील गेलं की पेडल कसं वागतं ते आधी बघा. इंजिन चालू, पाय पेडलवर एकसारखा दाबून धरा अर्धा मिनिट. पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे लिकेज नाही, तर मास्टर सिलिंडर आतल्या आत बायपास करतोय, म्हणजे सीलच्या बाजूने ऑइल मागे सोडतोय. एका जागी टिकलं तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायला सध्या तरी कारण नाही.

आपण सगळ्याला 'पेडल मऊ' म्हणतो तिथेच घोळ होतो. पेडल खाली जाऊन मग दगडासारखं लागतं ही एक तक्रार. पेडल वरच आहे पण पाय दाबत जाईल तसं रबरासारखं दबत राहतं ही दुसरी. आणि दाबून धरलं की बसत जातं ही तिसरी. पहिल्यात बहुतेक वेळा कुठेतरी गॅप जास्त असतो, दुसऱ्यात हवा किंवा फुगणारा जुना रबरी होज, तिसऱ्याचं वर सांगितलं. इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जाणं नॉर्मल आहे, बूस्टरची (पायाचा जोर वाढवणारा भाग) मदत मिळते म्हणून तेवढ्याच पायाने जास्त दाबलं जातं, त्यावरून काही ठरवू नका.

तुमचं दोन पंपात वर येतं म्हणजे मला पहिला प्रकार जास्त वाटतोय, थोडा दुसराही मिसळलेला असेल. एक प्रश्न, खरं सांगा. ड्रम उघडले होते का?

चाकपंक्चर

अं... हो. लिहायचं राहिलं. पाइप काढताना एका बाजूचा व्हील सिलिंडर (ड्रममधले लायनर बाहेर ढकलणारा) पाझरताना दिसला म्हणून दोन्ही बदलले, आणि ड्रम निघत नव्हते म्हणून लायनरचा अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधला गॅप ठरवणारं दातेरी चाक) मागे फिरवला होता. ड्रम बसवल्यावर तो आपोआप सेट होतो ना?

आणि पेडल दाबून धरून बघितलं, मिनिटभर तसंच राहिलं. खाली बसत नाहीये.

तेलकटहात

हे आधी सांगितलं असतं तर लिटरभर ऑइल वाचलं असतं 😄

आपोआप सेट होतो, पण थोडा थोडा, झीज भरून काढण्यापुरता. तुम्ही हाताने दहा-पंधरा दाते मागे घेतलेत ते तो एका दिवसात नाही भरणार. लायनर ड्रमपासून लांब असले की पेडलचा निम्मा प्रवास त्यांना ड्रमला टेकवण्यातच जातो. दुसऱ्या पंपाला वर का येतं? लायनर पूर्ण मागे जायच्या आत तुम्ही परत दाबता, म्हणून.

दोन मिनिटांची टेस्ट आहे. चाकांना दगडाची ओट लावा, हँडब्रेक जोरात ओढा आणि मग पेडल दाबा. मागचे लायनर हँडब्रेकने बाहेर आलेले असल्यामुळे पेडल एकदम वर आलं तर चोर सापडला.

सेटिंग करताना आधी हँडब्रेकची केबल ढिली करा, मग चाक हाताने फिरवत अॅडजस्टर पुढे घ्या, लायनर हलकेच घासल्याचा आवाज यायला लागला की बास. केबल सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, लायनरचा गॅप केबल ताणून भरतात, मग सेल्फ अॅडजस्टर कामच करत नाही.

स्पॅनर_दहा

तेलकटहात यांच्याशी सहमत, पण लिटरभर ऑइल काढूनही हवा राहू शकते हे पण लक्षात असू द्या. नवीन लांब पाइप रिकामा होता, आणि तो मागे जाताना कुठेतरी वर चढून परत खाली येतो. त्या उंचवट्यात बुडबुडा अडकतो, पेडल हळू दाबलं की ऑइल त्याच्या खालून निघून जातं आणि निपलला सगळं स्वच्छ दिसतं. तिथे प्रवाह जोरात लागतो, म्हणजे निपल जरा जास्त उघडून पेडल एका दमात दाबायचं, किंवा डबीवर बसणारा प्रेशर ब्लीडर. नुसते भराभर पंप मात्र मारू नका, ऑइलला फेस येतो. आणि पेडलवर बसलेल्याने निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, या एका गोष्टीवरून आमच्याकडे भावाभावांत दोन दिवस बोलणं बंद होतं.

अजून एक. गाडी जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबकळत ठेवून एअर काढली का? मागच्या अॅक्सलला लिंक असलेला लोड व्हाल्व्ह असेल तर चाक लोंबकळलं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कमी करतो. मागची चाकं रॅम्पवर ठेवा, वजन चाकांवर येऊ द्या.

हवा नक्की कुठे आहे हे बघायचं असेल तर रबरी होजला क्लॅम्प लावून बघता येतं. गोल तोंडाचा होज क्लॅम्प घ्या, नुसता पकड-पाना लावाल तर होज आतून फाटेल. चारही होज बंद केल्यावर पेडल वर आणि कडक आलं तर मास्टर सिलिंडर आणि तुमचे नवे पाइप दोन्ही पास, कारण लांब पाइप क्लॅम्पच्या अलीकडे येतो. मग एकेक क्लॅम्प सोडत जा, ज्याच्यानंतर पेडल मऊ झालं ते चाक.

चाकपंक्चर

अपडेट देतो. हँडब्रेक ओढून पेडल दाबलं तर जवळजवळ अर्ध्या प्रवासाने वर आलं, मी एकटाच गॅरेजमध्ये हसलो. दोन्ही ड्रमचे लायनर सेट केले, उजवीकडे बावीस दाते फिरवावे लागले! आता पहिल्याच दाबात पेडल वर येतं, पण शेवटी थोडं रबरी लागत होतं. चारही क्लॅम्प लावले, एकदम दगड. पुढचे दोन सोडले, तरी दगडच. मागचा डावा सोडला, थोडं मऊ. उजवा सोडला, अजून थोडं. म्हणजे हवा मागच्या दोन्ही सिलिंडरांत. आणि हो, मी चाकं लोंबकळतच ठेवली होती, व्हाल्व्हचा लिव्हर अॅक्सलला जोडलेला आज पहिल्यांदा नीट बघितला. मागची चाकं रॅम्पवर घेऊन काढली तर डावीकडून भसाभस बुडबुडे आले. आता पेडल मस्त. रिकाम्या जागेत हळू चालवून ब्रेक मारून बघितले, सरळ थांबते. जॉइंट परत बघितले, कोरडे.

बोनेटवर भाऊ, मास्टर सिलिंडर वाचला 🙏

बोनेटवर

बरं झालं. ठोकळा मात्र पुढच्या वेळी ठेवाच.

स्पॅनर_दहा

पुढच्या वेळी पाइप सोडण्याआधी पेडल इंचभर दाबून काठी अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरची वरची भोकं बंद होतात आणि डबी रिकामी होत नाही. तुमचं ते 'बहुतेक' मला पहिल्यापासून खटकत होतं.

नवशिक्या_चालक

मध्येच विचारतो, माझ्या गाडीत एबीएस आहे आणि पाइप बदलायचेत. स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरला जोडायचं मशीन) लावूनच एअर काढावी लागते असं ऐकलंय, खरं का?

तेलकटहात

नुसते चाकाकडचे पाइप बदलून डबी रिकामी होऊ दिली नाही तर बहुतेक गाड्यांत साध्या पद्धतीने निघते, ऑइल एबीएस युनिटच्या उघड्या व्हाल्व्हमधून सरळ पुढे जातं. युनिटच कोरडं पडलं तर त्याच्या बंद व्हाल्व्हच्या मागे हवा राहते. ती रोजच्या ब्रेकिंगला जाणवत नाही, पण एबीएस एकदा लागला की बाहेर येते आणि पेडल खाली जातं. तेव्हा स्कॅनरने पंप आणि व्हाल्व्ह चालवावे लागतात. चाकांचा क्रम तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, लांबचं चाक आधी हा नियम सगळीकडे चालत नाही. आणि डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ लिहिलंय ते बघूनच ऑइल घ्या, डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, नावावरून फसू नका.